श्रद्धा, दडपण आणि निवाडा

(परभणी जिल्ह्यातील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेले भाषण)



गावच्या तंटामुक्ती समितीत आपल्यापैकी अनेकांनी काम केले आहे. १५ ऑगस्ट २००७ रोजी राज्यात सुरू झालेल्या त्या मोहिमेने सामान्य माणसाला दुसऱ्याच्या भांडणात निवाड्याला बसवले. बांधाचा, वाटणीचा, पाण्याच्या पाळीचा तंटा समोर येतो, तेव्हा समितीतल्या माणसाबरोबर त्याचा देव, त्याची जात, त्याचे सोयरे आणि त्याचा पुढारीही सतरंजीवर येऊन बसतात. हा प्रश्न नवा नाही. फौजदारी न्यायालयांतील ज्यूरीच्या रूपाने या देशाने तो दीर्घकाळ अनुभवला आहे.

१८९७ साली लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला. ज्यूरीत सहा युरोपीय आणि तीन हिंदी होते. सहांनी दोषी म्हटले, तिघांनी निर्दोष. १९०८ च्या खटल्यात सात युरोपीय आणि दोन पारशी होते. निकाल सात विरुद्ध दोन. लेख मराठीत आणि त्यांचा न्याय भाषांतरावरून! पुरावा सर्वांपुढे एकच होता. मते मात्र वंशाच्या रेषेवर दुभंगली. त्यासाठी कोणी लाच दिली असे मानण्याचे कारण नाही. ज्या समाजात माणूस वाढतो, त्याचे पूर्वग्रह त्याला पूर्वग्रह वाटतच नाहीत; ते त्याला सत्यच वाटतात.

बाहेरच्या दडपणाचे उदाहरण स्वातंत्र्यानंतरचे आहे. नौदल अधिकारी कावस नानावटी यांनी २७ एप्रिल १९५९ रोजी मुंबईत प्रेम आहुजा यांना गोळ्या घातल्या. 'ब्लिट्झ' साप्ताहिकाने नानावटींच्या बाजूने मोहीम उघडली; पारशी आणि सिंधी समाजांत तट पडले. ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी त्यांना निर्दोष ठरवले. सत्र न्यायाधीशांना तो निर्णय पटला नाही. त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवले. तेथे ११ मार्च १९६० रोजी जन्मठेप झाली आणि २४ नोव्हेंबर १९६१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली.

या एका खटल्याने ज्यूरी गेली, असे सर्रास सांगितले जाते. विधी आयोगाने १९५८ सालीच ती रद्द करण्याची शिफारस केली होती. १९७३ ची फौजदारी प्रक्रिया संहिता १ एप्रिल १९७४ पासून अमलात आली आणि तीत ज्यूरीला स्थान उरले नाही.

मग दोष सामान्य माणसाचा होता काय? तसे म्हणणे लोकशाहीवाद्याला शोभणार नाही. न्यायाधीशालाही धर्म असतो, जात असते. फरक एवढाच की त्याला कारणे लिहून द्यावी लागतात आणि त्या कारणांवर अपील करता येते. ज्यूरीला कारणे द्यावी लागत नसत. बंद दाराआड निर्णय श्रद्धेने झाला, भीतीने झाला की पुराव्याने, हे तपासण्याची सोयच नव्हती.

अमेरिकेत ज्यूरी आजही आहे. तेथील कोलोराडो राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली एका आरोपीची फाशी रद्द करण्याचा निर्णय कायम केला, कारण ज्यूरीच्या खोलीत बायबल आणून त्यातील वचने दाखवली गेली होती. न्यायालयाने ज्यूरीतील माणसांची श्रद्धा गुन्हा ठरवली नाही. माणूस आपली सदसद्विवेकबुद्धी दाराबाहेर काढून ठेवू शकत नाही, हे त्याने मान्य केले. परंतु न्यायालयात मांडला न गेलेला ग्रंथ आत आणता येत नाही, असे त्याने बजावले.

यातून हाती येणारे तत्त्व साधे आहे. निर्णयावर ज्याचा परिणाम होतो, ते दोन्ही पक्षांसमोर उघड मांडले गेले पाहिजे आणि त्याला उत्तर देण्याची संधी मिळाली पाहिजे. पोथीला उलटतपासणी नसते, कौलाला अपील नसते आणि रात्री आलेल्या पुढाऱ्याच्या निरोपाची नोंद कोठेच होत नसते.

म्हणून समितीत बसणाऱ्या कार्यकर्त्याने काही पथ्ये पाळावीत. तंट्यात आपला नातलग असेल तर उठून बाजूला बसावे. बैठक देवळात न घेता, गावातल्या प्रत्येकाला, विशेषतः दलितांना आणि स्त्रियांना, निःसंकोच येता येईल अशा जागी घ्यावी. तडजोडीची कारणे लिहून दोघांना वाचून दाखवावीत. जेथे गंभीर गुन्हा आहे, तेथे तडजोडीचा विचारही करू नये. निवाडा न मानणाऱ्याला वाळीत टाकण्याची भाषा निघाली, तर २०१६ च्या सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायद्याची आठवण तेथेच करून द्यावी.

हे करणारा कार्यकर्ता कधी सोयऱ्यांत अप्रिय होईल, कधी निवडणुकीत मते गमावील. ती किंमत मोजण्याची तयारी नसेल, तर त्याने निवाड्याला बसूच नये.