गिरणगावातल्या माहितीला आधार कुणाचा?

लालबागचा एखादा तरुण मराठी विकिपीडियावर पहिल्यांदा लिहायला बसला की साहजिकच आपल्या गल्लीपासून सुरुवात करतो. ‘लालबागचा राजा’ या लेखात तो तीन गोष्टी घालतो : मंडळाची स्थापना १९३४ ची, मूर्ती नवसाला पावणारी, दर्शनाला लाखोंची रांग. थोड्या वेळाने पाहावं तर निम्मा मजकूर उडालेला आणि उरलेल्याला ‘संदर्भ हवा’ची शेपटी. जिथे आजोबांपासून राहतो तिथल्याच माहितीला पुरावा मागतात म्हटल्यावर गडी वैतागतो आणि पुन्हा फिरकत नाही. त्याचा राग समजण्यासारखा आहे. नियमही बरोबरच आहे. घोळ होतो तो नियम सांगण्याच्या तऱ्हेत.

त्याच्या शेजारी बसून ती तीन वाक्यं वेगळी केली तर? स्थापनेचं साल मंडळाच्या स्मरणिकेतून घेता येतं, त्यावर कुणाचा वाद नाही. ‘नवसाला पावणारी’ हे ज्ञानकोश आपल्या तोंडाने म्हणू शकत नाही. भाविकांची तशी श्रद्धा आहे, एवढं म्हणता येतं, तेही वृत्तपत्राचा आधार देऊन. गर्दीच्या आकड्याला मंडळाचा शब्द चालणार नाही. तिथे बाहेरच्याने केलेला अंदाज लागतो, कुणाचा आणि कोणत्या वर्षीचा ते सांगून. एकच स्मरणिका एका वाक्याला चालते आणि दुसऱ्याला चालत नाही, हे नवख्याला धोरणांची लांबलचक पानं वाचून उमगत नाही. स्वतःच्या वाक्यावर मात्र लगेच उमगतं.

गिरगावातलं उदाहरण याहून खमंग आहे. दादासाहेब तोरणे यांचा ‘श्री पुंडलिक’ १८ मे १९१२ रोजी कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लागला. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ त्याच चित्रगृहात लागला ३ मे १९१३ ला. मग पहिला भारतीय चित्रपट कुठला? तोरण्यांचे चाहते २५ मे १९१२ च्या ‘टाइम्स ऑफ इंडिया’तली जाहिरात पुढे करतात. अस्सल कागद आहे, पण तो सिद्ध काय करतो? चित्रपट दाखवला गेला, एवढंच. पहिलेपणाचा निवाडा जाहिरातीवरून विकिपीडियाच्या लेखकाने स्वतः करायचा नाही. तसं केलं तर ते ‘मूळ संशोधन’ ठरतं. ‘पुंडलिक’ हे रंगमंचावरच्या नाटकाचं चित्रण होतं, छायाचित्रकार ब्रिटिश होता, फिल्मवरची प्रक्रिया लंडनला झाली, म्हणून अनेक अभ्यासक मान फाळक्यांना देतात. काही जण देत नाहीत. लेखात दोन्ही मतं ज्याच्या त्याच्या नावावर जातात. दादरच्या फाळके रोडवर राहणाऱ्याला हे जरा जड जाईल, पण इलाज नाही.

खरी अडचण परळमध्ये येते. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला. त्या संपातलं खाणावळीचं, चाळीचं, पोटापाण्याचं किती तरी ज्ञान आजही फक्त माणसांच्या तोंडी आहे. ‘माझे वडील सांगायचे’ हा संदर्भ विकिपीडियावर चालत नाही. हा अन्याय आहे, आणि तो मान्य केल्याशिवाय नवख्याशी पुढे बोलू नये. मात्र मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी गिरणगावातल्या अशाच आठवणी नोंदवून ‘वन हंड्रेड इयर्स, वन हंड्रेड व्हॉइसेस’ हे पुस्तक २००४ मध्ये आणलं. मुलाखती नावानिशी छापल्या, संपादनाची जबाबदारी कुणी तरी घेतली. आता त्या पान क्रमांकासह उद्धृत करता येतात.

इतका काच कशासाठी, असं कुणी विचारलंच तर २००९ चा किस्सा सांगावा. संगीतकार मोरिस झार वारले, त्या वेळी डब्लिनच्या एका विद्यार्थ्याने त्यांच्या नावावर एक स्वरचित वाक्य इंग्रजी विकिपीडियात घुसवलं. संदर्भ नाही म्हणून तिथल्या संपादकांनी ते काढलं. तेवढ्या वेळात पत्रकारांनी मात्र ते उचललं होतं, आणि अनेक वृत्तपत्रांच्या मृत्युलेखांत ते छापून आलं. त्यातलं एखादं कात्रण आणून कुणी तेच वाक्य विकिपीडियात परत घातलं असतं, तर त्याला संदर्भही मिळाला असता! म्हणून बातमीची तारीख आणि लेखाचा ‘इतिहास’, म्हणजे त्यातल्या बदलांची नोंद, दोन्ही पाहायला शिकवावं लागतं.

जानेवारीतल्या मराठी भाषा पंधरवड्यात राज्य मराठी विकास संस्थेच्या पुढाकाराने विकिपीडियाच्या कार्यशाळा झाल्या आहेत. अशा कार्यशाळांमध्ये खातं उघडणं आणि ‘धूळपाटी’ या सरावाच्या पानावर टंकणं यातच दुपार सरण्याची भीती असते. त्यापेक्षा दादरला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात बसावं. १८९८ पासूनची संस्था आहे, पुस्तकांना तोटा नाही. नवा लेख कुणी लिहायचाच नाही. प्रत्येकाला ‘संदर्भ हवा’ लागलेलं एक जुनं वाक्य द्यायचं आणि कपाटाकडे पाठवायचं. आधार सापडला तर पुस्तकाचं नाव, साल, पान घालायचं. पुस्तक उलटंच सांगत असेल तर वाक्य दुरुस्त करायचं. काहीच सापडलं नाही तर कुठे कुठे शोधलं ते चर्चा पानावर लिहून ठेवायचं, म्हणजे पुढच्याला तीच कपाटं पुन्हा उपसावी लागत नाहीत.