भंगारात घालण्याआधी एकदा उघडून बघा

(प्रभागसंघाच्या सर्वसाधारण सभेत, औजार बँक चालवणाऱ्या गटाच्या सचिव ताईंनी केलेल्या भाषणाचा मजकूर.)



मला सांगितलंय की औजार बँकेबद्दल दहा मिनिटं बोल. मी हिशोब वाचून दाखवणार नाही, तो अहवालात आहे. मी आमच्या एका मेलेल्या पॉवर टिलरची गोष्ट सांगणार आहे.

आमच्या गटाकडे दोन टिलर. एकाच वर्षी घेतलेले, एकाच मॉडेलचे. कोकणातली आमची खाचरं लहान, मोठा ट्रॅक्टर आत वळतच नाही, म्हणून चिखलणीला टिलरच लागतो. दोन वर्षांपूर्वी जुलै महिन्यात, ऐन लावणीत, त्यातला एक चालता चालता बंद पडला. हँडल फिरेना. मिस्त्री आले, म्हणाले, "इंजिन जाम झालंय, तापून गेलं. दुरुस्तीचा खर्च परवडायचा नाही."

त्या दिवशी टिलर आमच्या गटातली एक सून चालवत होती. सगळ्यांचं बोट तिच्याकडे गेलं. "हिने पाणी बघितलं नाही, हिने मशीन मारलं." मीही बोलले, खोटं कशाला सांगू? ती पोरगी त्यानंतर सभेला यायची, सही करायची आणि गप्प बसायची. टिलरला हात लावायची बंद झाली.

दिवाळीनंतर भंगारवाला आला. सगळ्या मशीनचे मिळून ९,००० रुपये देतो म्हणाला. निम्म्या जणी म्हणाल्या, देऊन टाका, शेडमधली जागा अडलीय. पण आमच्या एक काकी आहेत, त्यांनी विचारलं, "अगो, चाकं तर चांगली दिसतात. टायर काय भावाने घेतो हा?" भंगारवाला म्हणाला, "लोखंडाबरोबर वजनावर." तिथे आमचे डोळे उघडले. दुकानात ६.०० - १२ च्या दोन नव्या टायरची किंमत विचारली, तर ९,००० मधले निम्म्याहून जास्त तिथेच संपत होते.

मग आम्ही सभा घेतली आणि ठराव लिहिला की मशीन आधी उघडायचं, कामाचं काढायचं, उरलेलं विकायचं. एक गोष्ट नीट ऐका. तुमचं मशीन अनुदानातलं असेल, तर पाना लावण्याआधी कृषी कार्यालयात जाऊन अटी विचारून घ्या. आमच्या टिलरची मुदत संपली होती, तरी आम्ही विचारूनच पुढे गेलो.

मिस्त्रींना तीन दिवसांची मजुरी दिली आणि सांगितलं, "तुम्ही दाखवा, पाना आम्ही फिरवतो." पदर खोचले, बांगड्या काढून ठेवल्या. आधी डिझेल आणि ऑईल वेगवेगळ्या कॅनमध्ये काढलं. काळं ऑईल जमिनीवर किंवा ओढ्यात ओतायचं नाही, ते विकत घेणारे असतात. चाकं काढण्याआधी खाली लाकडी ठोकळे लावले. आणि डिझेलची टाकी रिकामी दिसली तरी तिला गॅस कटर किंवा वेल्डिंग लावायचं नाही, आत वाफ राहते, भडका उडतो.

प्रत्येक भाग काढण्याआधी मोबाईलवर फोटो घेतला. ज्या भागाचे बोल्ट त्याच भागाच्या डब्यात टाकले. पहिल्या दिवशी हे केलं नव्हतं, संध्याकाळी घमेलंभर नट-बोल्ट, आणि कुठला कुठे बसतो कोणालाच ठाऊक नाही!

मग तीन ढीग केले.

पहिला ढीग ठेवायचा. चाकं, टायर, रिम, लोखंडी चिखलचाकं, पुली, डिझेल टाकी, हँडल, लिव्हर, मागचं छोटं चाक, दात शाबूत असलेले गिअर. रोटरची पाती डावी आणि उजवी वेगळी असतात, ती वेगळ्या पिशव्यांत ठेवली. पात्यांचे बोल्टही जपले, कारण ते साध्या लोखंडाचे नसतात. डोक्यावर ८.८ असा आकडा दिसला तर तो मजबूत बोल्ट समजायचा. त्याच्या जागी साधा बोल्ट लावला तर दगडाला लागून तुटतो.

बेअरिंग डिझेलमध्ये धुऊन, वाळवून हातात फिरवून बघायचं. खरखर लागली, चिकटलं, की भंगारात. गुळगुळीत फिरलं, की ग्रीस लावून प्लास्टिकमध्ये गुंडाळायचं. त्याच्या कडेवर नंबर कोरलेला असतो. समजा ६२०५. शेवटचे दोन आकडे ०४ किंवा पुढचे असतील तर त्यांना पाचाने गुणायचं, म्हणजे आतल्या भोकाचं माप मिलिमीटरमध्ये मिळतं. ०५ म्हणजे २५. मी सातवी शिकलेली, मला जमलं, तुम्हालाही जमेल. आणि बेअरिंग हातोड्याने ठोकून काढू नका, पुलर मागवा. आम्ही एक चांगलं बेअरिंग ठोकून वाया घालवलं.

दुसरा ढीग तपासून ठरवायचा. नोझल आणि डिझेल पंप, ते पंपाच्या दुकानातच तपासून घेतात. नोझलच्या फवाऱ्यासमोर बोट कधीच धरू नका, डिझेल कातडी फोडून आत जातं. आमचा पंप चांगला निघाला, नोझल गेलेला होता.

तिसरा ढीग परत वापरायचाच नाही. ऑईल सील, पॅकिंग, चिरा पडलेले पट्टे, झिजलेले ब्रेक लायनर. चार पैसे वाचवायला गेलं तर आख्खा गिअर बॉक्स जातो.

आता खरी गोष्ट. तिसऱ्या दिवशी मिस्त्रींनी इंजिन उघडलं. सिलिंडरच्या भोवती पाणी फिरायची जागा असते. तिथे पाणी फिरायला जागाच नव्हती, घट्ट चिखल बसलेला. मिस्त्रींनी विचारलं, "पाणी कुठलं घालायचात?" आम्ही एकमेकींकडे बघितलं. खाचरातलंच. कळशी बुडवायची आणि ओतायची. सगळ्या जणी तेच करायचो, मी स्वतः केलंय. कित्येक पावसाळ्यांचा गाळ साठला होता. तो तापून बंद पडायचाच होता, त्या दिवशी हँडलवर कोणाचाही हात असता तरी.

त्या पोरीकडे बघायला मला जड गेलं. पुढच्या सभेत आम्ही तिची माफी मागितली आणि ते इतिवृत्तात लिहिलं. तोंडी आरोप केला होता, पण माफी मात्र लिहूनच दिली पाहिजे असं काकी म्हणाल्या.

लगेच दुसऱ्या टिलरचं पाणी सोडून बघितलं. त्यातूनही लाल चिखल आला. स्वच्छ पाणी येईपर्यंत धुऊन काढला. आता त्याला घरचं गाळलेलं पाणीच जातं, आणि सुरू करण्याआधी पाणी, ऑईल बघितल्याची सही रजिस्टरमध्ये होते. जुनं मशीन उघडलं नसतं तर दुसरंही त्याच वाटेने गेलं असतं. आमच्या हिशोबाने सगळ्यात मोठी बचत ती.

उरलेलं लोखंड ५,५०० रुपयांना गेलं. त्यातून मजुरी गेली, हातात थोडंच राहिलं. पण गेल्या जुलैमध्ये भर चिखलणीत पट्ट्याचा ताण धरणाऱ्या पुलीचं बेअरिंग फुटलं. आदल्या वर्षी अशाच एका भागासाठी आम्ही चार दिवस थांबलो होतो, रोपं पिवळी पडली होती. या वेळी फुटलेल्याचा नंबर वाचला, डब्यावरच्या चिठ्ठीशी जुळवला, आणि तासाभरात टिलर परत खाचरात. बसवलं कोणी? त्याच पोरीने. सुट्या भागांचं रजिस्टर आणि कपाटाची किल्ली आता तिच्याकडे असते.

तेव्हा तायांनो, तुमच्याकडे टिलर असो, फवारणी पंप असो, पिठाची गिरणी असो. भंगारवाल्याला हाक मारण्याआधी मिस्त्रीला हाक मारा. त्याच्या हाताखाली स्वतः बसा. कामाचं काय ते ठरवा, लिहून ठेवा, कोरड्या जागी उंचावर ठेवा. आणि मशीन कशाने गेलं हे बघितल्याशिवाय कोणत्याही बाईवर बोट ठेवू नका.

माझी दहा मिनिटं झाली. कोणाला बेअरिंगचे नंबर वाचायला शिकायचे असतील तर जेवणाच्या सुट्टीत या, दोन बेअरिंग पिशवीत आणलीत.