परदेशी शिक्षण आणि आपला आचार
(सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषण)



माझी नात बर्लिनला शिकते. तेथील शासकीय विद्यापीठांत बहुतेक अभ्यासक्रमांना शिक्षणशुल्क नाही. परंतु व्हिसासाठी वर्षभराच्या निर्वाहाची रक्कम आधीच खात्यात दाखवावी लागते. २०२५ साली ती ११,९०४ युरो होती. विद्यार्थी भोजनगृहात शाकाहार मिळतो, मात्र बटाटा टाळणे कठीण. सूर्यास्त जूनमध्ये साडेनऊला, डिसेंबरात चारच्या आत! हिवाळ्यात चौविहारासाठी ती डबा नेते. जे पाळता येत नाही, त्याचे प्रतिक्रमणात स्मरण करते.

आचार मुले सांभाळतील. अनेकांची वाट अडते ती त्या रकमेपाशी. आपल्या ट्रस्टने यंदा बिनव्याजी निर्वाहनिधी उभारावा, ही नम्र विनंती.

जय जिनेंद्र!