शेक घेतलेल्या मावशी आणि चिमूटभर मीठ



मीठ घातलेल्या डाळीचं पाणी उतू गेलं की गॅसची निळी ज्योत एकदम पिवळी होते. आपण फडकं शोधायला धावतो, म्हणून तिच्याकडे नीट बघणं होत नाही. परवा आम्ही मुद्दाम चिमूटभर मीठ ज्योतीवर टाकून पाहिलं. तोच पिवळा. (चिमूटभरच हं, नाहीतर बर्नरची भोकं बुजतात.) हा रंग मिठातल्या सोडियमचा.

अणूच्या मधोमध केंद्रक असतं आणि त्याच्याभोवती इलेक्ट्रॉन. इलेक्ट्रॉनच्या पायऱ्या ठरलेल्या. दोन पायऱ्यांच्या मध्ये त्याला थांबता येत नाही. ज्योतीच्या आचेनं तो वरच्या पायरीवर चढतो, लगेच खाली येतो आणि येताना मधला फरक प्रकाश म्हणून देऊन टाकतो. पायऱ्या ठरलेल्या म्हणून रंगही ठरलेला. आणि जो रंग देतो, तोच रंग तो गिळतोही. सूर्यप्रकाश काचेच्या लोलकातून नीट फाकवला तर या पिवळ्याच्या जागी बारीक काळ्या रेघा दिसतात. १८५९ मध्ये किर्खहॉफ आणि बुन्सेन यांनी त्याचं कारण शोधलं: सूर्याभोवतालच्या वायूंमधला सोडियम तो रंग वाटेतच खाऊन टाकतो.

हे आज सांगायचं कारण म्हणजे आमच्या ओळखीच्या एक मावशी. गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगासाठी त्या कोबाल्टचा शेक घेऊन आल्या. महिना झाला, तरी त्यांचं ताट वेगळं, अंथरूण पडवीत आणि नातवाला जवळ घ्यायची बंदी. "त्यांच्या अंगातून किरणं येतात ना," सून म्हणाली. सून वाईट नाही, तिला बाळाची काळजी. खोटं कशाला बोलायचं, आमच्यातल्याही दोघींना तसंच वाटत होतं.

तर केंद्रकालाही पायऱ्या असतात, पण फार उंच. कोबाल्ट-६० चं केंद्रक आपोआप बदलून निकेलचं होतं. हे नवं केंद्रक वरच्या पायरीवर असतं आणि उतरताना दोन गॅमा किरण सोडतं. जात प्रकाशाचीच, पण जोर मिठाच्या पिवळ्या प्रकाशाच्या सुमारे सहा लाख पट. हे किरण शरीरात शिरून अणूंमधले इलेक्ट्रॉन उडवतात, त्यानं पेशींची मोडतोड होते. कर्करोगाच्या पेशींना ती दुरुस्त करणं तितकंसं जमत नाही. चांगल्या पेशींनाही झळ लागते, म्हणून थकवा येतो, कातडी काळवंडते. पण शरीरातली केंद्रकं या किरणांनी बदलत नाहीत, ती किरणोत्सारी होत नाहीत. यंत्रातलं कोबाल्ट कवचाआड गेलं की संपलं. दिवा मालवल्यावर भिंत उजळत राहते का? विजेवर चालणाऱ्या नव्या यंत्रांच्या शेकाचंही तसंच. पिशवीच्या तोंडाशी आतून शेक देतात, तेव्हा किरण देणारा पदार्थ नळीतून आत नेतात आणि काही मिनिटांनी परत काढून घेतात. मागे काही उरत नाही.

मग वेगळं राहायला सांगतात ते कुणाला? थायरॉइडसाठी किरणोत्सारी आयोडीन घेतलेल्यांना. तिथे केंद्रकच पोटात जातं, गळ्यातल्या ग्रंथीत साठतं आणि तिथून किरण देत राहतं. आयोडीन-१३१ दर आठ दिवसांनी निम्मं होतं, शिवाय बरंचसं लघवीवाटे जातं. म्हणून काही दिवस लहान मुलं आणि गरोदर बायका यांच्यापासून लांब राहायचं. किती दिवस, ते डॉक्टर डोस बघून सांगतात. ते मात्र पाळायचंच. तेव्हा दवाखान्यातून निघताना एवढं विचारा: किरण नुसते येऊन गेले, की किरण देणारं औषध अंगात राहिलं?

बुधवारी आम्ही मावशींच्या घरी गेलो. सुनेला ज्योतीवर मीठ टाकून दाखवलं, मग गॅस बंद केला. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग हे आम्हाला तिथे कुणी का नाही सांगितलं?" आमच्याकडे उत्तर नव्हतं. त्या दुपारी मावशींचं ताट सगळ्यांच्या पंगतीला मांडलं गेलं. अंथरूण अजून पडवीत आहे.