एक हंडा, चार नजरा

समाजशास्त्र म्हटलं की कॉलेजातलं जाड पुस्तक डोळ्यांपुढं येतं. पण समाजाकडं पाहायचं कसं, हेच त्यात असतं. ते आपल्याला पाण्याच्या हंड्यावरूनही कळतं.

२०१६ चा उन्हाळा आठवा. मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं. पाण्यावरून भांडणं होऊ नयेत म्हणून शहरात जमावबंदी लागली. आपण रेणापूरकडच्या बायकाही टँकरची वाट पाहत होतो. टँकरपुढच्या त्या रांगेकडं आज चार नजरांनी पाहू.

पहिली नजर फ्रान्सच्या एमिल दुर्खीम यांच्या विचारातून वाढली. समाज शरीरासारखा, ज्याचं त्याचं काम ठरलेलं. पुरुष कमावतो, बाई पाणी भरते, म्हणून घर चालतं. घर चालतं हे खरं, पण मान कुणाची मोडते, ते राहून जातं.

दुसरी नजर कार्ल मार्क्स यांची. ती विचारते, साधन कुणाच्या हातात? एकाच शिवारात एकाच्या बोअरवर ऊस डोलतो आणि दुसरीच्या घरी प्यायला पाणी नाही, असं का?

तिसरी नजर अमेरिकेच्या जॉर्ज मीड यांच्यापासून आली. माणसं वस्तूला काय अर्थ देतात, ते ती पाहते. पाणी तेच, पण कुणी शिवलं यावर ते बाटलं म्हणायचे. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर ओंजळभर पाणी प्याले, ते माणूसपणाचा हक्क सांगायला.

चौथी नजर बायकांची. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहून जाब विचारला, की बाईला एक न्याय आणि पुरुषाला दुसरा का? आपण विचारू, हंडा बाईच्याच डोक्यावर का?

जसा प्रश्न, तसा उपाय. पहिल्या नजरेला हंड्यासाठी चाकाचा गाडा पुरतो. दुसरी गावच्या पाण्याचा हिशेब मागते. तिसरी पाहते, नळ सगळ्या वस्त्यांत पोचला का. चौथी म्हणते, पाणी घरातल्या सगळ्यांनी भरावं आणि ठरवताना बाईही असावी.

जलजीवन मिशनच्या नियमांत गावच्या पाणी समितीत निम्म्या बायका असाव्यात, असं आहे. तेव्हा गटाच्या पुढच्या बैठकीत एवढं ठरवा: ग्रामपंचायतीकडं समितीची यादी मागायची. आपली नावं त्यात आहेत का, आणि असली तर नुसती सहीपुरती आहेत की बोलण्यापुरतीही, ते तपासायचं.