शिकाऊ आहारतज्ज्ञ आणि फुकटचे श्रम
(नंदनवन, नागपूर येथील महिला मेळाव्यात केलेलं भाषण)

मैत्रिणींनो, रांधणं-वाढणं बाईचंच, असं मानणारा समाज आहारतज्ज्ञाचे श्रमही फुकटच धरतो. मी आहारशास्त्रात एम. एस्सी. केलं. 'नोंदणीकृत आहारतज्ज्ञ' व्हायला इंडियन डायेटेटिक असोसिएशनची परीक्षा द्यावी लागते. त्याआधी रुग्णालयात 6 महिने इंटर्नशिप.

नंदनवनहून मी रोज बसने जायची. वॉर्डातली फेरी, मधुमेह्यांचे तक्ते, नळीवाटे द्यायच्या अन्नाचं मोजमाप. काम दिवसभर, विद्यावेतन शून्य. आमच्यातल्या दोघींनी मध्येच सोडलं. घरी कमावणं भाग होतं. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत शिकाऊ डॉक्टरांना विद्यावेतन मिळतं. मग आम्हालाच का नाही?

2021च्या संलग्न आरोग्यसेवा व्यवसाय कायद्यात आहारतज्ज्ञही आले. पण नुसत्या नोंदणीने पोट भरत नाही. रक्तक्षय झालेल्या बाईला 'फळं खा' सांगणं सोपं आहे. सगळ्यांच्या मागून जेवणारीच्या ताटात काय उरतं, हे कष्टकरी घरातली मुलगी जाणते. तीच या शिक्षणातून गळते आहे. म्हणून माझी मागणी एवढीच : इंटर्नशिपला विद्यावेतन हवं. आपल्या गटांनी ती उचलून धरावी.