नहर-ए-अंबरी आणि आपला हरकत-अर्ज



पाण्याचा विषय निघाला की आपल्याकडे गाडी वुजूच्या नळावर येऊन थांबते. नळ बारीक सोडा, लोट्याने वुजू करा. करायलाच हवं. पण शहराचं भूजल नळ बारीक सोडून वाचत नाही, त्यासाठी सरकारकडे मागणी करावी लागते. ती कशी करायची, एवढंच आज बोलतो.

मलिक अंबरने १६१० मध्ये खडकीला राजधानी वसवली. पुढे तिचं औरंगाबाद झालं, आज सरकारी नाव छत्रपती संभाजीनगर. जवळची खाम नदी लहान, एवढ्या वस्तीला ती पुरणार नव्हती. म्हणून त्याने उत्तरेकडच्या डोंगरांतलं भूजल शहरात आणलं. जमिनीखालून बांधलेले बोगदे, पुढे मातीचे नळ, मध्ये मध्ये दगडी मनोरे. पंप नाही, वीज नाही, नुसता उतार. मी सॉफ्टवेअरवाला, आमच्याकडे दहा वर्षं टिकलेली सिस्टीम म्हणजे पुरातत्त्व खात्याचा विषय! या नहरी तीनशे वर्षांहून जास्त चालल्या.

आज शहर जायकवाडीच्या पाण्यावर आहे. ते चाळीसेक किलोमीटरवरून पंपाने चढवून आणतात, तरी कित्येक मोहल्ल्यांत नळाला रोज पाणी नसतं. मग टँकर, जार आणि बोअर. ज्याच्या घरात कमाई कमी, त्याच्या खिशाला पाणी जास्त महाग.

मलिक अंबरचा अभिमान आपण फार लवकर बाळगतो. त्याची नहर मुळात का चालली, हे बघत नाही. बोगदा पाणी तयार करत नाही. पाऊस डोंगरउतारावर पडतो, मातीत, खडकाच्या भेगांत मुरतो आणि तेच पाणी पुढे वाहतं. उतारावर काँक्रीट ओतलं, नाला बुजवला, तर नहर दुरुस्त करूनही तिच्यात पाणी यायचं कुठून? आपला खडक बेसाल्ट. पाणी साठतं ते मुख्यतः वरच्या झिजलेल्या, भेगाळलेल्या थरांत. तरी मशिदीचा बोअर आटला की आपण वर्गणी काढून आणखी खोल मारतो. हिशेब साधा आहे: नातवंडांचं पाणी आज उपसायचं.

उतार आणि नाले राखणं एकट्या घराचं काम नाही, ते शासनाने करायचं. १९९६ मध्ये कमलनाथ प्रकरणात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की नैसर्गिक संसाधनं सरकारकडे जनतेची अमानत आहेत. ‘अमानत’ हा शब्द माझा, तत्त्व कोर्टाचं. महाराष्ट्राचा भूजल कायदा २००९ चा, लागू झाला २०१४ मध्ये.

म्हणून विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध होतो आणि हरकती-सूचना मागवतात, ते दिवस सोडू नका. ऑनलाइन सह्यांची मोहीम फॉरवर्ड करून भागत नाही. आपल्या भागातला नाला जुन्या नकाशात कुठून जातो, नव्यात कुठे गायब होतो, ते बघा. गट नंबर लिहून एका पानाचा अर्ज द्या: नाला मोकळा ठेवा, पाणी मुरणारा उतार बांधकामातून वगळा. पोच घ्या, सुनावणीला जा. उत्तर आलं नाही तर माहिती अधिकारात विचारा.

काही जण म्हणतील, आपण मुसलमानांनी हरकत घेतली की तिचा वेगळाच अर्थ लावतील. ही भीती खोटी नाही. म्हणून सह्या फक्त जुम्याच्या गर्दीत गोळा करू नका. डोंगरपायथ्याच्या शेतकऱ्यांकडे जा, पलीकडच्या सोसायटीत जा. त्यांचेही बोअर आटलेत.

नकाशा वाचता येत नसेल तर कार्यक्रमानंतर थांबा. लॅपटॉप आणलाय, आपल्याच वॉर्डापासून सुरू करू.